कॉलेजमध्ये 5000 आणि 10000 मीटर धावते. सकाळच्या प्रॅक्टिसनंतर नाश्त्याऐवजी रूमवर केलेली स्मूदी घेतली तर चालेल का? कोणती फळं घालावीत?

तुझ्या प्रश्नाखालची माहिती वाचली. हॉस्टेलला राहतेस, रूमवर मिक्सर आहे, आणि सर म्हणालेत की दोन-तीन किलो उतरले की टायमिंग आपोआप सुधारेल. म्हणून मेसचा नाश्ता बंद करून स्मूदीवर राहायचा विचार आहे. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. ग्राउंडवरच्या धाकट्या मुलींशी मी असंच बोलते.

नाश्त्यासोबत घे, जरूर घे. नाश्त्याऐवजी घेऊ नकोस.

हिशोब अवघड नाही. धावताना किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. तू पन्नास किलोची असशील आणि सकाळी 12 किलोमीटर झाले असतील, तर सहाशे कॅलरी ग्राउंडवरच गेल्या. एक केळं आणि पेलाभर दूध फिरवून प्यायलीस तर अडीचशेच्या आसपास परत येतात. उरलेलं कुठून येणार? पुढे लेक्चर आहेत, प्रॅक्टिकल आहेत, संध्याकाळी पुन्हा ड्रिल्स आहेत. ही तूट एखाद्या दिवशी कळतही नाही. महिनोन्महिने चालली की शरीर आपल्या पद्धतीने वसूल करतं.

ती वसुली मी अगदी शेजारच्या कॉटवर पाहिली आहे, म्हणून एवढं लिहायला बसले.

पश्चिम महाराष्ट्रातलं एक कॉलेज, नाव घेत नाही. जिमखान्याच्या लोखंडी कपाटात एक वजनकाटा होता, कडेचा पत्रा गंजलेला. दर सोमवारी प्रॅक्टिसनंतर सर तो बाहेर काढून फरशीवर ठेवायचे आणि आम्ही मुली रांगेत उभ्या राहायचो. आकडा मोठ्याने वाचला जायचा आणि दाराशेजारच्या फळ्यावर खडूने नावापुढे लिहिला जायचा. मागच्या आठवड्याचा आकडा पुसत नसत, म्हणजे चढलं की उतरलं ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसावं. मुलांची व्हॉलीबॉलची टीम तिथूनच नेट न्यायला यायची. ज्या मुलीचं वजन वाढलेलं असेल तिला सर काही बोलत नसत, फक्त फळ्याकडे बोट दाखवत.

माझी रूममेट माण तालुक्यातली. ललिता बाबरही माणमधल्याच, मोही गावच्या. 2016 साली रिओ ऑलिम्पिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, फायनलमध्ये धावल्या आणि दहाव्या आल्या. त्यामुळे आपल्या भागातली पोरगी कुठवर जाऊ शकते याचं चित्र रूममेटच्या डोळ्यांपुढे पक्कं होतं. आमच्या गटात तिच्याइतका सुंदर स्ट्राइड दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिने सरांचं मनावर घेतलं. रात्रीच्या दोन चपात्यांची अर्धी झाली, भात बंद झाला, सकाळचे पोहे-उपमा बंद झाले. त्याऐवजी ती रूमवर सफरचंद आणि पाणी घातलेलं साय काढलेलं दूध फिरवून प्यायची. तिची स्मूदी हीच. तुझा प्रश्न वाचला आणि तो फिकट पांढरा पेला डोळ्यांसमोर आला.

आणि सुरुवातीला तिचं टायमिंग खरंच सुधारलं. झोनलला, म्हणजे विभागीय स्पर्धेत, ती तिच्या आयुष्यातलं सर्वोत्तम धावली. सरांनी सगळ्यांसमोर तिचं उदाहरण दिलं. लोक हाच भाग सांगतात आणि इथेच गोष्ट थांबवतात. सलग काही महिने कमी खाऊन शरीर हलकं होतं, एखादी स्पर्धा उत्तम जाते, आणि बिल नंतर येतं.

तिची पाळी थांबली. सीनियर मुली म्हणाल्या, बरंच झालं, ग्राउंडला त्रास नाही, एवढं धावलं की होतंच असं. होत नाही. पाळी थांबणं म्हणजे फिटनेस नव्हे. शरीराला पुरेसं इंधन मिळत नाही, म्हणून ते आधी जे तातडीचं नाही ते बंद करतंय, असा त्याचा अर्थ. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन खाली जातं आणि त्याच्यासोबत हाडांची ताकद. 2014 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं, खेळाडूच्या शरीरातला ऊर्जेचा तुटवडा. मुलींमधली हीच साखळी, कमी खाणं, पाळी बंद, ठिसूळ हाडं, डॉक्टरांना त्याच्याही वीसेक वर्षं आधीपासून माहीत होती. तेव्हा माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

थंडीत तिची नडगी दुखायला लागली. सर म्हणाले, शिन पेन सगळ्यांनाच असतं, बर्फ लाव. तिने लावला, पट्टी बांधून धावली. एका टेम्पो रनमध्ये, म्हणजे सलग जोरात धावायच्या सरावात, तिसऱ्या टर्नला ती लंगडायला लागली, मग चालायला लागली आणि मग ट्रॅकच्या आतल्या गवतावर बसली. मी मागून येत होते. नडगीवर एका जागी, रुपयाएवढ्या भागात, नुसतं बोट टेकवलं तरी ती ओरडत होती. शिन पेन लांबवर पसरलेलं असतं. असं बोटाच्या टोकाखाली सापडणारं दुखणं हाडाचं असू शकतं, त्यावर धावायचं नसतं. एक्सरेत काही दिसलं नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला एक्सरेत बहुतेकदा दिसतच नाही. पुढे एमआरआय झाला तेव्हा कळलं. ऑल इंडिया स्पर्धा तर गेलीच, त्यानंतर ती परत स्पाइक्स घालून उभी राहिली नाही.

मी मात्र खात होते. मेसच्या मावशी माझ्यासाठी सकाळचे पोहे झाकून ठेवायच्या, वर भाजलेले शेंगदाणे जास्तीचे टाकून. फळ्यावर माझा आकडा गटात सगळ्यांत मोठा असायचा. एकदा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, धावायला आलीस की जेवायला? मी म्हटलं, दोन्हीला, सर, जेवल्याशिवाय दहा हजार होत नाही. त्या मोसमात मी विद्यापीठाच्या संघात गेले आणि पूर्ण मोसम एकही दिवस दुखापतीने बसले नाही. सर म्हणाले, नशीब. मध्यंतरी माजी खेळाडूंच्या मेळाव्यात ते पुन्हा भेटले आणि म्हणाले, त्या वेळच्या मुली कडक होत्या, तक्रार करायच्या नाहीत. मी विचारलं, सर, त्यातल्या किती जणी आज धावतात? ते चहा घ्यायला निघून गेले.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेची मेरी केन 2013 साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या फायनलला धावली, तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची होती. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन उतरवण्याच्या दबावात तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिकडे पैसा, डॉक्टर, ट्रॅक सगळं होतं. वजनाच्या आकड्यापुढे त्यातलं काही कामाला आलं नाही.

आणि आपल्या पी. टी. उषा. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर हर्डल्स, ब्राँझ एक शतांश सेकंदाने हुकलं. तिथे भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढावे लागले आणि शेवटच्या 35 मीटरमध्ये त्याचा फटका बसला, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. तुझ्या सरांना हे सांग. शेवटच्या टप्प्यात पाय कशावर चालतात ते त्यांनाही कळू दे.

आता स्मूदी. मी अजूनही लाँग रननंतर करते ती सांगते. सालीसकट भाजलेले मूठभर शेंगदाणे आधी कोरडेच फिरवून घे, नाहीतर दाणे तळाशी तसेच राहतात. मग त्यात मूठभर जाड पोहे, धुऊन भिजवून ठेवलेले. ओट्स विकत आणायची काही गरज नाही. दोन पिकलेली केळी, बिया काढलेले दोन-तीन खजूर, मोठा पेलाभर दूध किंवा घट्ट दही आणि घाम फार आला असेल तर चिमूटभर मीठ. दूध साय न काढता. एवढ्यात सातशेच्या वर कॅलरी आणि वीस-बावीस ग्रॅम प्रोटीन मिळतं. धावून आल्यावर अर्ध्या-एक तासात पी आणि त्यानंतर मेसला जाऊन पोहे, उपमा, अंडी जे असेल ते खा. पोट डब्ब होईल असं वाटत असेल तर अर्धी आता, अर्धी अकरा वाजता. ज्या दिवशी प्रॅक्टिस हलकी असेल त्या दिवशी एक केळं कमी कर, बस.

फळांचं विचारलंस. चिकू चालतो, सीताफळ चालतं, मोसमात आंबा तर उत्तमच. पपई आणि किवी दुधात घालून ठेवू नकोस, थोड्या वेळात कडू होतं. पपई नुसती खा. नाचणी आवडत असेल तर शिजवून गार केलेली आंबील फिरव. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि तुझ्या हाडांना तेच हवंय.

पालक घालून हिरवी स्मूदी करणाऱ्या मुली मला दर आठवड्याला भेटतात, लोह मिळतं म्हणून. दुधात पालक टाकून लोह मिळत नाही. पालकातलं लोह आधीच नीट शोषलं जात नाही, वर दुधातलं कॅल्शियम आड येतं. लोहासाठी वेगळं खा: उसळ आणि वर लिंबू, हळिवाचा लाडू आणि सोबत पेरू किंवा आवळा, खात असशील तर मटण, कलेजी. जेवणाला लागून चहा घेऊ नकोस, तासभर जाऊ दे. लांब पल्ल्याच्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार दिसतं. पाय जड, चढावर दम, टायमिंग घसरतंय आणि सर म्हणतात मेहनत कमी पडतेय. अशा वेळी रक्त तपासून घे. नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही बघ, त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. गोळ्या मात्र डॉक्टरने सांगितल्याशिवाय सुरू करू नकोस.

प्रोटीन पावडरचं तू विचारलं नाहीस, पण जिममधलं कुणीतरी आज ना उद्या डबा पुढे करेल. व्हे, म्हणजे दुधापासून काढलेली प्रोटीन पावडर, काही विष नाही. पण डब्यावर न लिहिलेला पदार्थ आत निघाला आणि डोप टेस्टमध्ये सापडला, तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात, दुकानदाराची नाही. शेंगदाणे, दूध, अंडी, डाळ पोटभर खाऊन मग पावडरचा विचार कर. बहुतेकींना गरज पडत नाही.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. दूध पचत नसेल, साखरेचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर वरचं सगळं आधी डॉक्टरला विचारून. वजनाचा टायमिंगशी काहीच संबंध नाही असंही मी म्हणत नाही. पण ते काम मोसम संपल्यावर, आहारतज्ज्ञासोबत, सावकाश करायचं असतं. स्पर्धेच्या तोंडावर नाश्ता बंद करून नाही. आणि हे मुलांनाही लागू आहे. त्यांची पाळी थांबण्याची खूण नसते, म्हणून त्यांचं उशिरा कळतं, एवढाच फरक.

तू एक गोष्ट लिहिली नाहीस, ती मला कळवलीस तर बरं होईल. पाळी वेळेवर येते का? तीन महिने आली नसेल तर स्मूदीचा विषय बाजूला ठेव आणि स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोबत आईला ने, नाहीतर मैत्रिणीला. डॉक्टरला आठवड्याला किती किलोमीटर धावतेस आणि दिवसभरात काय खातेस ते न लपवता सांग. नुसतं 'अनियमित आहे' म्हटलंस तर पाळी आणायची गोळी लिहून देतील. गोळीने पाळी येईल, पण खाणं कमीच राहिलं तर मूळ दुखणं तसंच राहील. आणि सरांनी सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहायला सांगितलं तर नाही म्हण. वजन करायचंच असेल तर ते बंद खोलीत, एकटीचं, डॉक्टरने करावं. फळ्यावर लिहायला टायमिंग आहे की.