आजी यादी का करत नाही?

प्रिय रेवा,

काल मंडईतून आल्यावर तू जे विचारलंस ते आधी इथे उतरवून ठेवतो. "आजीने यादी केलीच नव्हती. आत्यानेही काय काय आणायचं ते विचारलं नाही. तरी सगळ्या पिशव्या भरल्या आणि घरी आल्यावर काहीच राहिलेलं नव्हतं. आपण मेलबर्नला यादी करूनही काहीतरी विसरतो. मग आजीला कसं कळतं?"

यादी असते गं. फक्त ती आजीने केलेली नसते.

तू ओट्यावरच्या भाजीचा फोटो पाठवलास ना, तो पुन्हा बघ. वांगी, गाजरं, पावटा, घेवडा, मटार, डहाळ्यासकट ओला हरभरा, बोरं, उसाची कांडकी, गव्हाच्या ओंब्या, तीळ, मातीची छोटी सुगडं आणि कोपऱ्यात रताळी. नुसता हा फोटो कुणी दाखवला असता तरी मी इथे बसून सांगितलं असतं, की पुण्यात संक्रांत दोन-तीन दिवसांवर आली आहे.

उद्या भोगी. संक्रांतीचा आदला दिवस. त्या दिवशी या सगळ्या भाज्यांची मिळून एकच भाजी करतात, तिला आपल्या घरात लेकुरवाळी म्हणतात. वांगं, गाजर, सगळे शेंगांचे दाणे, वर तिळाचा कूट, थोडा चिंचगूळ. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं आजी उद्या वाढताना म्हणेलच, तेव्हा पानात टाकू नकोस. आता ही भाजी कुणी एकाने बसून ठरवली असं नाही. पौषातल्या थंडीत पुण्याच्या आजूबाजूच्या शेतांत जे भरात असतं तेच तिच्यात आहे. पावट्याला, हरभऱ्याला दाणा आता धरतो. वाटाणाही याच दिवसांत गोड असतो. शेतात जे पिकलं ते मंडईत आलं, मंडईत आलं ते सणाच्या पानात बसलं. आजीला आठवावं लागतं ते एवढंच, की भोगी आहे. बाकीचं गाळ्यागाळ्यावर तिच्यासमोर मांडून ठेवलेलं असतं.

बोरं, ऊस, ओंब्या हे जेवायचं सामान नाही. ते सुगडांत भरायचं. परवा आजी सुगडांना हळदकुंकू लावून पुजेल. तिथून रथसप्तमीपर्यंत घराघरांत हळदीकुंकू चालेल आणि आत्या तुला घेऊन चार-दोन ठिकाणी जाईल. प्रत्येक घरी काहीतरी लुटतात. प्लास्टिकचा डबा मिळाला तरी नाक मुरडू नकोस.

आणि रताळी? कालनिर्णयचं पान बघ. यंदा संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी आहेत. आजी गूळपोळ्या करणार, सगळ्यांना तूप घालून वाढणार, आणि स्वतः रताळ्याचा कीस खाऊन बसणार. आपली गूळपोळी ती दुसऱ्या दिवशी खाते, आणि शिळी जास्त चांगली लागते असं ठासून सांगते. खरंच लागते.

वांग्याची गोष्ट जरा लांबची आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो. तो लागला की आजीच्या घरात वांगं येत नाही, कांदा-लसूणही नाही. पावसाळ्यात वांग्यात अळी फार असते म्हणून, असं ती सांगते. एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी, तेव्हा घरोघरी कांद्याची भजी आणि वांग्याचं भरीत अगदी पोट फुटेस्तोवर. मग थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला जेजुरीच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की आजीकडे वांगं पुन्हा सुरू. सगळी घरं इतकं पाळत नाहीत. तुझी आत्या तर लसणाशिवाय श्रावणही काढत नाही, फक्त आजीसमोर बोलत नाही. (हे पत्र तू तिच्याकडूनच वाचून घेणार हे मला माहीत आहे. नमस्कार, ताई.)

भाद्रपदात तर याहून गंमत. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. अळू, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसं, परसात उगवलेलं काहीबाही यांची भाजी होते. मंडईत त्या दिवशी "ऋषीची भाजी द्या" एवढं म्हटलं, की भाजीवाली आपणच सगळं थोडं थोडं काढून देते. म्हणजे यादी तिच्याकडेही असते.

मंडईच्या इमारतीबद्दलही तू विचारलंस, आठ कोनांची आणि वर मनोरा असलेली. १८८६ सालची आहे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. इंग्रजांनी ही इमारत बांधली आणि मुंबईच्या गव्हर्नरचं, लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत सभासद होते, त्यांनी मंडईवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. आणि आज तिचं नाव महात्मा फुले मंडई. पुढच्या वेळी मेट्रोतून वर आलीस की सोबत असेल त्याला विचार, हे माहीत आहे का. पैज लाव, नसणार.

आपलं इथलं क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ चं, म्हणजे मंडईपेक्षा आठ वर्षांनी मोठं. गाळे, ओरडणं, "चाखून बघा" सगळं तसंच. पण परवा शनिवारी मी तिथे गेलो तर चेरी, पीच, मक्याची कणसं आणि डोक्यावर भाजून काढणारं ऊन. भोगी जानेवारीत आणि इथला जानेवारी भर उन्हाळ्यात, दोघांचा मेळच बसत नाही. म्हणून मी इथल्या डँडेनाँग उपनगरातल्या दुकानातून गोठवलेला पावटा आणि तुरीचे दाणे आणले. त्यासाठी मात्र यादी करावी लागली, कारण त्या दुकानात बाराही महिने सगळं मिळतं. सगळं मिळत असलं की काय घ्यायचं ते आपल्याला ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं लिहून ठेवावं लागतं. आपण विसराळू आहोत असं नाही, आपल्याला आठवण करून द्यायला कुणी नाही एवढंच.

हे वाचून आजी फार थोर आणि आपण बिचारे असं मात्र समजू नकोस. आत्या एरवी आठवडाभर फोनवरूनच भाजी मागवते, आणि सोललेल्या, निवडलेल्या भोगीच्या भाजीची पाकिटं आता पुण्यात कितीतरी ठिकाणी मिळतात. नोकरी करून पावटा सोलत बसायला वेळ कुणाला आहे? घ्यावीत खुशाल.

पण एक गोष्ट पाकिटात येत नाही, आणि ती कॅलेंडरातही नाही. आजीने आधी एक अख्खी फेरी काही न घेता मारली असेल. तू कंटाळली असशील. त्या फेरीत ती भाव ऐकते, कुणाकडे वांगी देठाला हिरवी आहेत ते बघते, मटाराची एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकते. कुठली भाजी हवी हे आधीच ठरलेलं असतं. कुणाची आणि किती, हे तिथे ठरतं. गवार पाहून तिने नाक मुरडलं असेल तर ती जून होती. ते शिकायला मला बरीच वर्षं लागली आणि अजून पालेभाजीत फसतोच.

आता तुला एक काम. पुढच्या रविवारी निघायच्या आधी भिंतीवरचं पान बघ. त्या आठवड्यात माघी गणेश जयंती आहे. आजी काय काय घेईल ते एका कागदावर लिहून खिशात ठेव, तिला दाखवू नकोस, आणि घरी आल्यावर पिशवीशी ताडून बघ. किती जुळलं ते मला कळव.

आणि बोरं तिथेच मनसोक्त खाऊन घे. इथल्या विमानतळावर एक बीसुद्धा आत येऊ देत नाहीत.

तुझा,
बाबा