रात्री उशिराचे खाणे आणि ‘ताबा’ शिकवणारी पुस्तके

ताई, दिवसभर तक्त्याप्रमाणे मोजूनमापून खायचे आणि घरातले सगळे झोपले की ओट्यापाशी उभ्यानेच चिवडा, उरलेली पोळी, मुलीसाठी ठेवलेला लाडू असे हाताला येईल ते संपवायचे, हे तुमचे वर्णन वाचले आणि माझीच जुनी वर्षे डोळ्यांपुढे आली. मनावर ताबा आणणारे पुस्तक तुम्ही विचारले आहे. माझ्या मते तेच पुस्तक तुम्हाला नको आहे. ताबा तुम्ही दिवसभर ठेवताच आहात, आणि रात्रीचे खाणे बरेचसे त्यातूनच येते.

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. मधुमेहाची औषधे चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. खाल्ल्यावर उलटी काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे सुरू झाले असेल, वजन फार उतरले असेल किंवा पाळी बंद झाली असेल, तर पुस्तकाच्या भरवशावर न राहता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कोणाकडे जावे हे सुचत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

माझे सर्वांत जास्त नुकसान वजन घटवून देणाऱ्या एका केंद्राने केले. नाव लिहीत नाही. तिथे दर आठवड्याला सगळ्यांसमोर काट्यावर उभे करून आकडा मोठ्याने वाचत, आणि वजन वाढले असेल तर तो कार्डावर लाल शाईने लिहीत. रात्रीच्या खाण्याबद्दल मी तिथल्या बाईंना विश्वासाने सांगितले, तेव्हा त्यांनी संध्याकाळची भाकरीही तक्त्यातून काढली, निर्धार कमी पडतो असे ऐकवले आणि पुढचे पॅकेज समोर ठेवले. दुपारच्या जेवणानंतर रात्रीपर्यंत पोटात काय जाते, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. भुकेपोटी होणाऱ्या त्रासावर आणखी उपासमार, हा उपचार पैसे घेऊन केला जातो, याचा मला आजही संताप येतो.

निर्धाराचा मुद्दा किती पोकळ आहे, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये दिसले होते. तिथले संशोधक अँसेल कीज यांच्या प्रयोगात स्वतःहून सामील झालेल्या ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले गेले. त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचाच विचार घोळू लागला, काहीजण पाककृती जमवू लागले, आणि बंधने उठल्यावर अनेकांना पोट भरूनही खाणे आवरेना.

म्हणून पहिले पुस्तक ख्रिस्तोफर फेअरबर्न यांचे ‘ओव्हरकमिंग बिंज ईटिंग’ (म्हणजे अनावर खाण्यावर मात) घ्या, तेही २०१३ ची सुधारित आवृत्ती. लेखक ऑक्सफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. पहिल्या भागात माहिती आहे आणि दुसऱ्या भागात स्वतः करायचा कार्यक्रम आहे. त्याचा कणा म्हणजे तीन जेवणे, दोन-तीन मधली खाणी आणि दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नाही. सुरुवातीला काय खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले याला महत्त्व आहे. नोंद त्या त्या वेळीच करायची असते, आणि तिच्यात वेळ व पदार्थ यांच्याबरोबर जागेचाही रकाना असतो. माझ्या वहीत त्या रकान्यात ‘ओटा’ हा शब्द पुन्हापुन्हा येत असे, आणि त्याच पानावर वरती पाहिले की दुपारच्या जेवणानंतर काहीही लिहिलेले नसे. साडेचारला पोटभर उपमा किंवा दाणे-गूळ खाणे मला सुरुवातीला उधळपट्टी वाटले, पण रात्रीचा जोर पहिल्यांदा त्यानेच ओसरला. चतुर्थीचा उपवास धरत असाल तर काही काळ सोडा, किंवा फराळ तरी वेळेवर करा.

दुसरे पुस्तक एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश यांचे ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’. ते १९९५ मध्ये आले आणि २०२० मध्ये त्याची चौथी आवृत्ती निघाली. भूक लागली की खा, कोणताही पदार्थ निषिद्ध मानू नका, पोट भरल्याची जाणीव ओळखा, अशी त्यातली तत्त्वे मला मनापासून पटतात. तरीही ते आधी वाचू नये असे माझे ठाम मत आहे. वर्षानुवर्षे भूक दाबलेल्या माणसाला तिचा अंदाजच राहिलेला नसतो, आणि मग ‘हवे ते खा’ एवढेच लक्षात राहते. शिवाय वजन उतरवण्याचे आश्वासन त्यात नाही, हे मनाशी धरूनच ते उघडा. तुम्ही आधीच आणलेल्या एखाद्या पुस्तकात वर्ज्य पदार्थांची यादी आणि महिन्याला किती किलो उतरतील याचा दावा असेल, तर ते सध्या कपाटातच राहू द्या.

मुलीचे लाडूही आता मोजू लागल्याचे तुम्ही शेवटी लिहिले आहे. त्यासाठी एलिन सॅटर यांचे ‘चाइल्ड ऑफ माइन’ वाचा. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे ते आईवडिलांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती खायचे ते मुलाने, ही त्यांची विभागणी आहे. आपल्याकडे आग्रह आणि ‘ताटात काही टाकायचे नाही’ यांमुळे ती पाळणे अवघड जाते, आजीआजोबांशी आधी बोलून घ्यावे लागते.

पुस्तके वाचूनही फरक पडला नाही, तर समुपदेशकांना पहिल्याच भेटीत विचारा की त्यांनी खाण्याच्या विकारांवर काम केले आहे का आणि सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारे समुपदेशन) पद्धतीने करतात का. उत्तरादाखल नुसता कॅलरीचा तक्ता हातात पडला, तर दुसऱ्या कोणाकडे जा.