दुर्मिळ जात आहे, तर मग कापतात कशाला?

प्रश्न : वेल्सला भाचीकडे गेले होते, तेव्हा दिनेवूरच्या कुरणात पांढऱ्याशुभ्र, काळ्या कानांच्या गाई पाहिल्या. ‘व्हाइट पार्क’ नावाची दुर्मिळ जात आहे म्हणे. मग जवळच्याच दुकानात तिचं मांस विकायला कसं? – एक वाचक

उत्तर : ताई, ऐकायला विचित्र वाटेल, पण मांसाला गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती जात टिकून आहे. मी ब्रिटनमध्ये गुरांचा डॉक्टर होतो, या गाईंचे कळप माझ्या हाताखालून गेलेत, म्हणून ठामपणे सांगतो. जन्मणाऱ्या वासरांत निम्मे गोऱ्हे. वळू म्हणून त्यातला एखादाच लागतो. उरलेले खच्ची करून वाढवतात आणि खाटकाकडे मुख्यतः तेच जातात. चांगल्या कालवडी पैदाशीला राखतात. गोऱ्ह्याचे पैसे झाले नाहीत, तर शेतकरी त्याच्या आईला तरी कशाच्या जोरावर सांभाळणार?

नुसत्या रूपावर ही जात तगली नसती. तसा मान तिला पूर्वापार होता. दहाव्या शतकातल्या हवेल दा राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेल्श कायद्यात, दिनेवूरच्या राजाचा अवमान केला तर भरपाई म्हणून तांबड्या कानांच्या पांढऱ्या गाई द्याव्या लागत, दर वीस गाईंमागे त्याच रंगाचा एक वळू. (आता काळे कानच जास्त दिसतात.) पुढे सरदारांनी शिकारीच्या रानांना कुंपणं घातली, त्यात ही गुरं राहिली ती शोभेला. इस्टेटी मोडल्या तसे कळपही संपत गेले. दुसऱ्या महायुद्धात बीज तरी वाचावं म्हणून काही जनावरं जहाजाने अमेरिकेकडे पाठवली होती. १९७३ साली दुर्मिळ पाळीव जाती जपणारा रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट स्थापन झाला, तेव्हा ब्रिटनमध्ये पैदाशीच्या जेमतेम ६० गाई उरल्या होत्या.

जनावर मोठं गुणी. कान, मुसकं, पापण्या, खुरांच्या वरची कड काळी. गाय आडवी झाली की सडही काळे दिसतात. शिंगं लांब, रुंद पसरलेली, त्यामुळे अरुंद खोड्यात घेताना फार जपावं लागतं. विण्यासाठी मला क्वचितच बोलावणं येई. गाय नेच्यांच्या झुडपात एकटी जाऊन विते, वासराला तिथेच दडवते आणि लांब चरत राहते. मी वासराचा माग काढायला लागलो की ती मुद्दाम भलत्याच दिशेला बघत उभी! जाडंभरडं गवत खाऊन ती अंग धरते, पण सावकाश. मांसाला चव आणि चरबीची बारीक जाळी त्यामुळेच येते.

हा सावकाशपणा एकदा अंगाशी आला. मॅड काउ रोगामुळे १९९६ साली ३० महिन्यांवरच्या गुरांचं मांस विकायला बंदी आली. भराभर वाढणाऱ्या जातींना तिची फारशी झळ लागली नाही. ही मात्र त्या वयात कुठे भरायला लागलेली असते. काही कळपांना सवलत होती, पण २००५ मध्ये नियम उठेपर्यंत शेतकऱ्यांची ओढाताण झालीच.

आणि भाचीला एक सांगा. संकरित वासरांतही काळे कान उतरतात, तेव्हा रंगावरून शुद्ध जात ठरत नाही. तिकडे प्रत्येक जनावराचा पासपोर्ट असतो, त्यात जात नोंदलेली असते. दुकानदाराला सरळ विचारावं.