रंध्याचं दुकान बंद करू का?

प्रश्न: काका, लकडगंजात आमचं सुतारकामाच्या हत्यारांचं दुकान आहे, आधी बाबा बसायचे, आता मी बसते. लोक येतात, लाकूड तासायचा रंधा हातात घेऊन अर्धा तास सगळं विचारतात, डब्याचा फोटो काढतात आन घरी जाऊन ऑनलाइन मागवतात. बाबा म्हणतात चांगलाच माल ठेव, भाऊ म्हणतो हे बंद कर आन प्लायवूड टाक. काय करू? – एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, तुझं पत्र वाचून जीव कळवळला, कारण मी स्वतः 20 वर्षं असंच दुकान चालवलं आन फोटो काढून जाणारं गिऱ्हाईक माझ्याकडेही यायचं.

आधी हिशोब बघ. समज, 10 हजाराचा रंधा दोन वर्षं शोकेसमध्ये पडून राहिला आन 20 टक्के नफ्यानं विकला, तर सुटले 2 हजार. तेच 10 हजार सँडपेपर, ब्लेड, फेविकॉल, ड्रिल बिट यात टाकले, माल दर महिन्याला फिरला आन 10 टक्केच सुटले, तरी दोन वर्षांत 24 हजार होतात. म्हणून भारी रंधे दोन-तीनच ठेव, पण ठेव नक्की, त्याच्याचसाठी जाणकार सुतार तुझी पायरी चढतो. प्लायवूडचं भाऊला सांग की त्याला गोडाऊन लागते, भांडवल लागते आन ठेकेदाराची उधारी तर विचारूच नको, माझे पैसे अजूनही अडकून आहेत.

आता खरी गोष्ट, धार! आपलं सागवान म्हणजे लहान गोष्ट नाही, दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरहून गेलं. पण सागवानात सिलिका असते, बारीक रेतीसारखी, ती धार खाऊन टाकते, सकाळी धार लावलेली पटाशी, म्हणजे लाकूड कोरायचं हत्यार, दुपारी बोथट. तुझ्या दुकानाच्या आजूबाजूला दिवसभर सागवानच कापून राहिले लोक, मग धार लावायचं काम तुझ्याकडे का नको? ऑनलाइनवाला पटाशी पाठवेल, धार लावून नाही देणार. फक्त शिकून कर, ग्राइंडरवर घाई केली की कड निळी पडते, पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आन पटाशी कामातून जाते. थोडं टेकवायचं, पाण्यात बुडवायचं, परत टेकवायचं, शेवटचा हात दगडावरच. प्लायवूड कापायच्या टीसीटी ब्लेडला, म्हणजे दातांवर टंगस्टन कार्बाइड बसवलेल्या पात्याला, मात्र डायमंड व्हील लागते, ते मशीन नंतर घे, गिऱ्हाईक जमलं की.

कॅनडात ओटावा शहरात ली व्हॅली नावाचं दुकान 1978 मध्ये सुरू झालं, टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकायचे, पुढे व्हेरिटास नावाने स्वतःचे रंधे बनवायला लागले. दुसरीकडे भाव विचारायची सोयच नाही न मग! तुला कारखाना नाही काढायचा, पण बाभळीचे दांडे बसवलेल्या, धार लावून तयार पटाश्या तू विकू शकतेस. बाजारातली नवी पटाशी सहसा कामाला तयार नसते, हे प्रत्येक सुताराला माहीत आहे.

आन काउंटरवर सागवानाची एक फळी शिकंज्यात पक्की लावून ठेव. गिऱ्हाईकाला म्हण, मारून बघा रंधा. कागदासारखी पातळ साल गोल होऊन वर आली की माणूस भावाचं विसरते, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे. जो तरी फोटो काढून जाईल त्याला जाऊ दे, धार लावायला तो तुझ्याचकडे येईल, तेव्हा पैसे पूर्ण घे.