वर्गणी नको, भाकरी मागा

तुमचा प्रश्न असा आहे: सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना रात्रीचं जेवण देणारा ग्रुप काढला, पहिल्या महिन्यात ४० जण होते, आता ५ उरले. लोक मुळात येतात कशासाठी?

अंबाजोगाईला आम्ही हेच काम ९ वर्षं करतोय, त्यावरून सांगतो. कळवळ्यानं आलेला माणूस महिनाभर टिकतो. त्यात त्याचा दोष नाही, घरी त्याचीही शेती-दुकान असतंच. टिकतात ते बहुतेक कुणाचं तरी देणं फेडायला आलेले असतात. केजकडचा एक शेतकरी बाजारच्या दिवशी फडक्यात १५ ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणतो. नाव लिहायला वही पुढं केली तर म्हणाला, "माय इथंच अकरा दिस होती. तवा कुणाकुणाची भाकर खाल्ली, त्यायला कुठं नाव इचारलं म्या?"

आमच्यातल्या एक ताई औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनानंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा त्या शाळेत शिकत होत्या. कुठल्या संस्थेनं काय वाटलं ते त्यांना आठवत नाही. एका अनोळखी बाईनं वेणी घालून दिली, तेवढं आठवतं. त्या ताटं वाढत नाहीत, वॉर्डाबाहेरच्या बायकांजवळ नुसत्या बसतात. आधी आम्हाला वाटलं, काम टाळतायत!

आता मागायचं कसं. गावात सप्ताह होतो ना? तिथं "सढळ हातानं मदत करा" असं कुणी विनवत नाही. घरटी भाकरीचा आकडा सांगतात आणि गोळा करायला ट्रॅक्टर फिरतो. आम्ही तेच उचललं. ग्रुपवरचं आवाहन बंद. "वहिनी, गुरुवारी तुमच्या घरच्या १०", बस. नाही म्हणणारं घर विरळा. २०१६ च्या पहिल्या वॉटर कपात, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमचा तालुका होता, तिथंही हेच पाहिलं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात माणसं टिकाव-फावडं घेऊन जायची, कारण निघताना मागं वळलं की आपण खणलेला चर दिसायचा.

पैशाचं थोडक्यात. देणगीवर करसूट देणारी ८०जी नोंदणी असली तरी २,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका, देणाऱ्याला त्यावर सूट मिळत नाही. तसे करासाठी देणारे आमच्याकडे दोघंच. बाकीच्यांना किराणा-गॅसच्या पावत्या दिसल्या की पुरतं.

गळती आम्हीही भोगली, आणि ती आमच्याच चुकीनं. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बॅनर लावून वाढलं, जेवणाऱ्यांचे फोटो स्टेटसला टाकले. पुढच्या आठवड्यात भाकरी निम्म्यावर. भांडलं कुणीच नाही, फक्त "यंदा जमत नाही हो" म्हणाले. ती घरं परत जोडायला दीड वर्ष गेलं.

म्हणून आधी त्या ५ जणांना विचारा, त्यांचं कुणी माणूस दवाखान्यात होतं का. आणि गेलेल्या ३५ जणांना फोन लावाल तेव्हा "का येत नाही" विचारू नका. वार सांगा आणि भाकरीचा आकडा सांगा.