हात सापडले, पण कुणाचे?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अजब आणि अचाट डायनोसॉरांवर मुलांचं पुस्तक करायचं ठरवलंस, फार बरं झालं. यादी वाचली. ४० प्राणी आहेत, त्यातले २८ काढावे लागतील. ३२ पानांचं पुस्तक म्हणजे छपाईचे १६-१६ पानांचे २ फॉर्म. शीर्षकपान, श्रेयपान आणि शेवटचं पान वगळलं की हातात १४ जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांच्या जोड्या, उरतात. त्यातलं एक कालपट्टीला आणि एक ‘डायनोसॉर म्हणायचं कुणाला’ यासाठी राखून ठेव. हे दुसरं टाळू नकोस. तुझ्या यादीत टेरानोडॉन आहे, तो उडणारा सरीसृप. डायमेट्रोडॉन आहे, तो तर पहिला डायनोसॉर जन्मण्याच्या कित्येक कोटी वर्षं आधी संपला. दोघेही डायनोसॉर नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं, आणि ते पुस्तक तिथेच मिटतं.

उरलेल्या १२ प्राण्यांची निवड करताना ‘केवढा मोठा’ हा निकष शेवटी लाव. मोठेपणा एका वाक्यात संपतो. विचित्र अवयव मात्र प्रश्न विचारायला लावतो: हे कशासाठी, आणि आपल्याला कळलं कसं? एका जोडपानावर एक प्राणी, एक अवयव, एक पुरावा; मजकूर ५० ते ६० शब्द, त्याहून जास्त नको.

नमुना म्हणून डायनोकायरस घे. १९६५ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात पोलिश-मंगोलियन मोहिमेत झोफिया किएलान-यावोरोव्स्का यांना दोन हात सापडले. प्रत्येकी २.४ मीटर लांब. बाकी शरीराचे जेमतेम काही तुकडे. १९७० साली नाव पडलं, अर्थ ‘भयंकर हात’. पुढची चार दशकं हात आहेत पण धनी नाही, अशी अवस्था. कुणी अवाढव्य शिकारी कल्पिला, कुणी हातांची तुलना झाडाला लटकणाऱ्या स्लॉथशी केली. २०१४ मध्ये आणखी दोन सांगाड्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्यातल्या एकाची कवटी आणि पावलं चोरांनी आधीच पळवली होती. ती युरोपातल्या एका खासगी संग्रहातून परत आली. आणि निघालं काय? सुमारे ११ मीटर लांब, पाठीवर उंचवटा, बदकासारखं चपटं तोंड, दात एकही नाही. पोटात हजारावर गुळगुळीत दगड आणि माशांचे अवशेष. भयंकर हातांचा धनी पाणवठ्याकाठी पाला आणि मासे खाणारा निघाला! डाव्या पानावर फक्त हात, उजव्या पानावर पूर्ण प्राणी. मूल उजवीकडे नजर वळवण्याआधी स्वतःच अंदाज बांधेल. तुझ्या मसुद्यात ‘हा एक अत्यंत विचित्र डायनोसॉर होता’ असं वाक्य आहे, ते काढ. विचित्र आहे हे त्याला ठरवू दे.

नायजेरसॉरसलाही याच मापाने लिही. तोंड पुढून झाडूसारखं रुंद, बदली दात धरून ५०० हून जास्त दात, आणि एकेक दात साधारण १४ दिवसांत बदलायचा. ‘१४ दिवस’ हा आकडा दात पडायच्या वयातल्या मुलाला बरोबर लागतो.

‘जगातला सर्वांत लांब’ असं कुठेही लिहू नकोस, ‘आजवर सापडलेल्यांत’ असं लिही. अर्जेंटिनोसॉरस ओळखला जातो तो काही मणके, फासळ्यांचे तुकडे आणि पायाच्या हाडावरून. त्याची लांबी हा हिशेब आहे, मोजमाप नव्हे. चित्रात सापडलेली हाडं रंगीत आणि उरलेला आकार राखाडी ठेव, म्हणजे वेगळा खुलासा लागत नाही.

आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो मिलियनचा. ६६ मिलियन म्हणजे ६ कोटी ६० लाख. तुझ्या मसुद्यात एका ठिकाणी ‘६६ दशलक्ष’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘६६ कोटी’. पहिलं मुलाला कळत नाही, दुसरं दहापटीने चुकीचं आहे. सगळीकडे कोटी-लाखच वापर, आणि छपाईआधी फक्त आकडे एका बैठकीत तपास.

नावांबद्दल. प्रत्येक नाव आधी मोठ्याने वाच, मग लिही, आणि खाली अर्थ दे. बारापासॉरसपाशी विशेष सावध राहा. मराठी मूल ते ‘बारा पाय’ असंच ऐकणार! नाव बंगालीतून आलं आहे, अर्थ ‘मोठा पाय’. १९७५ साली ठेवलं. हाडं गोदावरी खोऱ्यातली, सांगाडा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. हा घोटाळा लपवू नकोस, त्याचाच विनोद कर. त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून इसिसॉरस हे नाव आलं, आणि तो तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. तुझ्या यादीत तो नाही, हे मला खटकलं. पुढचे पाय लांब, मान आखूड आणि जाड: लांबमान्या घराण्यातला हा बेढब गडी १२ मध्ये बसायलाच हवा.

ओव्हिरॅप्टरचं नाव सांगताना त्याची बाजूही मांड. ‘अंडीचोर’ ठरला तो १९२३ साली अंड्यांजवळ सापडला म्हणून. १९९३ मध्ये तशाच अंड्यात त्याच्या जवळच्या नातलगाचं न जन्मलेलं पिल्लू मिळालं. अंडी चोरीची नव्हती, घरचीच होती. नाव मात्र नियमाप्रमाणे कायम राहिलं.

आता चित्रं. चित्रकाराला चार गोष्टी लिहून दे. शिकारी डायनोसॉरांचे तळहात जमिनीकडे नकोत, टाळी वाजवताना असतात तसे समोरासमोर हवेत. शेपटी जमिनीवर फरफटत नको. डोळा किंवा नखं पानांच्या घडीत जाऊ देऊ नको. शिवणीत सेंटिमीटरभर तरी गिळलं जातं. आणि चौथं गवत. जुरासिक काळातल्या स्टेगोसॉरसच्या पायाखाली हिरवळ नको, तिथे नेचे आणि सूचिपर्णी झाडं काढ. पण चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांना गवत चालेल: तिथल्या दगड झालेल्या शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. शेणावरून जेवण ओळखलं, हे ऐकून वर्गात हशा पिकेल. ते जोडपान मध्यावर ठेव.

मापासाठी सगळीकडे १:५० धर. ११ मीटरचा डायनोकायरस २२ सेंटिमीटरचा होतो, शेजारी उभं १.२ मीटरचं मूल २.४ सेंटिमीटरचं. ई ची हा वटवाघळासारख्या पंखांचा चिमुकला चिनी प्राणी या मापात दिसणारच नाही. त्याला प्रत्यक्ष आकारात काढ आणि तसं कोपऱ्यात लिही. अक्षर १८ पॉइंटच्या खाली आणू नकोस, जोडाक्षरं बुजतात, आणि या पुस्तकात काही नावं जोडाक्षरांची आहेत.

आधी डायनोकायरसचं एकच जोडपान तयार करून पाठव. चित्र पेन्सिलमध्येच असू दे. रंग चढल्यावर तळहात फिरवायचे म्हटलं की चित्रकार पुन्हा पैसे मागतो, आणि त्याचं चुकत नाही.

कळावे.