गौडा चीजसाठी कच्चं दूध न तापवता अल्ट्रासोनिक क्लीनरमधून काढलं तर चालेल का? दही जास्त घट्ट लागेल का?

नाही चालणार. चष्मे-दागिने धुवायच्या यंत्रात कच्चं दूध ठेवून जंतू मरतील याचा भरवसा नाही, उलट चीज खवट व्हायची सोय तेवढी होईल.

दुधातलं फॅट तीन-चार मायक्रॉनच्या गोळ्यांत असतं आणि प्रत्येक गोळीवर पातळ पापुद्रा असतो. यंत्रातल्या अल्ट्रासाउंड लहरींमुळे दुधात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. जोर पुरेसा असला, तर त्या दणक्याने पापुद्रा फाटतो. कच्च्या दुधात लायपेज नावाचं विकर (एन्झाइम) असतंच, ते उघड्या पडलेल्या फॅटवर तुटून पडतं आणि दुधाला साबणासारखी चव येते. दूध आधी तापवलं की हे विकर बव्हंशी निकामी होतं. म्हणून ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, यातून सुटका नाही.

डेअरीचं शिकत असताना लॅबमधल्या २० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंड प्रोबने (दुधात बुडवायच्या दांड्याने) मी हा उद्योग करून बघितलाय. भांडं बर्फात ठेवलं होतं, तरी दुधाला जळक्या रबराचा वास आला. चाखायला कुणी पुढे येईना, शेवटी मीच घोट घेतला. पुन्हा घेणार नाही.

(संकलन केंद्रावर सॅम्पलमधले हवेचे बुडबुडे काढायला जो स्टरर असतो, तोही अल्ट्रासाउंडचाच. पण ते काही सेकंदांचं आणि कपभर दुधाचं काम.)

आता घट्टपणा. मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं की या लहरींनी फॅटच्या गोळ्या फुटतात, केसीनचे (दुधातल्या मुख्य प्रथिनाचे) कण मात्र जवळपास तसेच राहतात. फुटलेल्या गोळ्यांवर मग केसीन जाऊन बसतं, रेनेटने (चीजसाठी दूध गोठवणाऱ्या विकराने) लागणारं दही मऊ पडू शकतं आणि पाणी नीट सोडत नाही. होमोजनाइज्ड (फॅट बारीक केलेल्या) दुधाचं चीज लावून पाहिलं असेल तर हा वैताग तुम्हाला ठाऊक असेल. ब्लू चीजवाले काही वेळा मुद्दाम फॅट बारीक करून घेतात, कारण त्यांना तो उग्र वास हवाच असतो. तुम्हाला गौडा करायचाय.

दही सैल लागतंय एवढीच तक्रार असेल तर १० लिटर तापवून गार केलेल्या दुधाला २ ग्रॅम खाण्याचं कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळवून रेनेटच्या आधी घाला. किंवा गायीच्या दुधात थोडं म्हशीचं मिसळा, त्यात केसीन आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतं.